हॅमट्रॅमिकचे ‘गोरे’

हॅमट्रॅमिक हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातले जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचे नगर. डेट्रॉईट महानगराने त्याला जवळजवळ चहूबाजूंनी वेढले आहे. हायलंड पार्क या दुसऱ्या छोट्या नगराशी तेवढी त्याची थोडी हद्द लागते. २०२०च्या जनगणनेत येथे २८,४३३ माणसे मोजली गेली. क्षेत्रफळाच्या मानाने ही वस्ती मिशिगनमधली सर्वांत दाट. अमेरिकेत गावाच्या लोकसंख्येची ‘वांशिक रचना’ म्हणून जो तक्ता छापला जातो, त्यात हॅमट्रॅमिक फारसे वेगळे वाटत नाही. २०१०च्या तक्त्यानुसार साधारण ५४ टक्के गोरे, १९ टक्के काळे, २१ ते २२ टक्के आशियाई आणि उरलेले इतर. यावरून कुणी गावाचे चित्र मनात उभे केले, तर ते निम्म्याहून अधिक चुकेल. त्या ५४ टक्क्यांत पोलंडहून आलेल्यांची नातवंडे आहेत, बॉस्नियाचे निर्वासित आहेत, अल्बानियन आहेत आणि येमेनमधून आलेले हजारो अरबही आहेत.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे जर्मन शेतकऱ्यांचे खेडे होते. १९१० साली जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी येथे मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना बांधायला घेतला आणि पुढच्या दहा वर्षांत खेड्याचे शहर झाले. १९१०मध्ये लोकसंख्या होती ३,५५९, १९२०मध्ये ४८,६१५, १९३०मध्ये ५६,२६८, आणि हाच कळस ठरला. येणाऱ्यांत बहुसंख्य पोलिश होते. त्यांनी सेंट फ्लोरियनचे भव्य चर्च उभारले, खानावळी, बेकऱ्या आणि मंडळे काढली. १९२२मध्ये हॅमट्रॅमिकला शहराचा दर्जा मिळाला. तेव्हापासून २०२१ अखेरपर्यंत प्रत्येक महापौर पोलिश वंशाचाच होता. १९७० साली दहातले नऊ रहिवासी पोलिश मूळ सांगत, असे नेहमी म्हटले जाते. १९८७मध्ये पोलिश पोप जॉन पॉल दुसरे डेट्रॉईट भेटीत या गावी आवर्जून आले, यात नवल नव्हते.

या पोलिश चित्रात काळी कुटुंबे मात्र सहसा दिसत नाहीत. ती गावाच्या सुरुवातीच्या काळापासून येथे राहत होती. १९६०च्या दशकात नगरपालिकेने ‘नागरी नूतनीकरण’ हाती घेतले आणि बुलडोझर नेमके काळ्यांच्या वस्त्यांवर फिरले. रहिवाशांनी १९६८मध्ये दावा लावला. १९७१मध्ये न्यायाधीश डेमन कीथ यांनी निकाल दिला, की ही काळ्यांना गावाबाहेर घालवण्याची योजना होती. पाडलेल्या घरांच्या बदल्यात नवी घरे देण्याचे बंधन नगरपालिकेवर आले. ते पुरे व्हायला २०१० उजाडले. तोवर मूळ दावेदारांपैकी कित्येकांनी जग सोडले होते. गावाची वांशिक रचना आपोआप बनत नाही, ती नगरपालिकेच्या कचेरीतही घडवली जाते. त्याचा इतका स्पष्ट न्यायालयीन पुरावा फार थोड्या गावांच्या वाट्याला आला असेल.

दरम्यान पोलिशांची पुढची पिढी वॉरन, स्टर्लिंग हाइट्स अशा उत्तरेकडच्या उपनगरांत मोठ्या घरांत जाऊ लागली. १९८०च्या जानेवारीत डॉजचा कारखाना बंद पडला. १९९०मध्ये लोकसंख्या १८,३७२वर आली. रिकामी, स्वस्त आणि एकमेकांना खेटून असलेली लाकडी घरे मागे उरली, आणि पुढची वस्ती याच घरांत आली. येमेनी लोक पूर्वीपासून मोटार उद्योगासाठी डेट्रॉईट परिसरात येत होते. आता ते हॅमट्रॅमिकमध्ये कुटुंबांसह स्थिरावले. बॉस्नियाच्या युद्धातून पळालेले १९९०च्या दशकात आले. त्याच सुमारास बांगलादेशी येऊ लागले. ते बहुतांश सिल्हेट भागातले होते, आणि त्यांतले अनेक आधी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहिलेले. तिथल्या भाड्यात इथे घर विकत मिळते, हा हिशेब नातलगांत तोंडी पसरला. २००८मध्ये कोनांट रस्त्याच्या एका भागाला ‘बांगलादेश अव्हेन्यू’ हे नाव मिळाले. २०००च्या जनगणनेत शंभरातले चाळीसहून अधिक रहिवासी परदेशात जन्मलेले होते.

आता पुन्हा तक्त्याकडे. अमेरिकी सरकार दोन वेगळे प्रश्न विचारत आले आहे: हिस्पॅनिक मूळ आहे का, आणि वंश कोणता. वंशाचे रकाने सरकारी व्याख्येने ठरतात. १९९७च्या नियमानुसार युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका यांपैकी कुठलेही मूळ असलेला माणूस ‘गोरा’. कुणी रकाना न निवडता ‘येमेनी’ असे लिहून दिले, तरी जनगणना खाते त्याची भरती गोऱ्यांतच करत आले आहे. येमेनला लागून असलेला ओमान ओलांडून, अरबी समुद्र पार करून पाकिस्तानचा किनारा गाठला, की माणूस ‘आशियाई’ होतो. म्हणून हॅमट्रॅमिकमध्ये एकाच मशिदीत शेजारी उभे राहणारे येमेनी आणि बांगलादेशी तक्त्यात दोन वंशांचे ठरतात, तर येमेनी आणि समोरच्या चर्चमधले पोलिश एकाच वंशाचे.

या व्याख्येला विज्ञानाचा आधार नाही. तिच्यामागे न्यायालयांचा इतिहास आहे. १९५२पर्यंत परदेशातून आलेल्याला नागरिकत्व मिळण्यासाठी कायद्याने ‘गोरा’ असणे जवळजवळ आवश्यक होते. काळ्यांना १८७०पासून मुभा होती आणि १९४०च्या दशकात चिनी, भारतीय अशा काहींना सवलत मिळाली, एवढेच अपवाद. त्यामुळे कोण गोरा हे न्यायाधीश ठरवत. १९१५मध्ये सीरियाच्या एका ख्रिश्चन अर्जदाराला अपील न्यायालयाने गोरा मानले. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना गोरे मानायला नकार दिला. पंजाबी उच्चवर्णीय म्हणून आपण आर्य वंशाचे, हा थिंद यांचा युक्तिवादही आज वाचताना अवघडल्यासारखे होते. १९४२मध्ये मिशिगनच्याच संघीय न्यायालयाने येमेनमधून आलेल्या एका मुसलमान अर्जदाराला गोरा मानले नाही. कारणे दोन दिली: त्याचा सावळा रंग आणि ख्रिश्चन युरोपहून वेगळी संस्कृती. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने दुसऱ्या एका अरबाच्या अर्जावर उलट निकाल दिला. आज हॅमट्रॅमिकच्या येमेन्यांना गोऱ्यांत बसवणारा रकाना त्या दुसऱ्या मताचा वारस आहे.

भारतीयांचा प्रवासही असाच वळणावळणाचा. १९३० आणि १९४०च्या जनगणनेत त्यांच्यासाठी वंश म्हणून ‘हिंदू’ अशी नोंद होती, मग तो माणूस शीख असो वा मुसलमान. १९७०मध्ये त्यांना गोऱ्यांत धरले. १९८०पासून ‘आशियाई भारतीय’ हा स्वतंत्र पर्याय आला. मिशिगनमधले मराठी कुटुंब आज याच रकान्यात खूण करते. मराठीपण दिसते ते फक्त घरी कोणती भाषा बोलता या वेगळ्या प्रश्नाच्या उत्तरात.

हॅमट्रॅमिकचा खरा उलगडाही अशाच बाजूच्या प्रश्नांतून होतो: जन्म कुठला, पूर्वज कुठले, घरची भाषा कोणती. सरकारलाही हे ठाऊक आहे. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या पुरेशी असेल तिथे मतपत्रिका त्यांच्या भाषेत द्याव्यात, या कायद्यानुसार २०११मध्ये हॅमट्रॅमिकवर बंगाली मतपत्रिकांचे बंधन आले. वंशाच्या रकान्यातून ही गरज कधी दिसली नसती. त्याआधी १९९९च्या निवडणुकीत काही स्थानिक मंडळींनी अरब आणि बांगलादेशी दिसणाऱ्या मतदारांना मतदान केंद्रावर अडवले होते आणि अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून नागरिकत्वाची शपथ घेतली होती. २०००मध्ये केंद्रीय न्याय खाते नगरपालिकेविरुद्ध न्यायालयात गेले. अडवलेल्यांत अनेकजण सरकारी नोंदीत गोरे होते. अडवणाऱ्यांनी ती नोंद पाहिली नव्हती.

सत्तेचे गणित पुढे भराभर बदलले. २००४मध्ये मशिदीच्या भोंग्यावरून अजान देण्याला परवानगी मिळाली, तिच्यावर गावभर वाद आणि मतदान झाले, आणि परवानगी टिकली. २०१५च्या निवडणुकीत नगरसभेत मुसलमान सदस्यांचे बहुमत झाले. नोव्हेंबर २०२१मध्ये येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौरपदी निवडून आले, आणि २०२२च्या आरंभी सहाही सदस्य मुसलमान असलेली नगरसभा अधिकारावर आली. त्या सहांत येमेनी होते, बांगलादेशी होते आणि इस्लाम स्वीकारलेली एक पोलिश वंशाची सदस्यही होती. बाहेरच्या वार्ताहरांना हे सगळे ‘मुस्लिम गाव’ या एकाच शब्दात मावते. प्रत्यक्षात येमेनी आणि बांगलादेशी उमेदवार एकमेकांविरुद्ध लढतात, आणि ख्रिश्चन उपवासपर्वाआधीच्या मंगळवारी पॉन्च्की या पोलिश गोड वड्यांसाठी बेकऱ्यांपुढे रांगा आजही लागतात. रांगेतले बरेचसे पोलिश उपनगरांतून येतात.

रकान्यांत बदल आता सुरू झाला आहे. २०२०च्या जनगणनेत गोरा अशी खूण केल्यावर नेमके मूळ लिहायची ओळ प्रथमच दिली गेली. त्यातून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकेचे मूळ सांगणारे सुमारे ३५ लाख लोक देशभरात निघाले. अशा वस्तीच्या आघाडीच्या राज्यांत कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कबरोबर मिशिगनही आहे. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने ‘मध्यपूर्व किंवा उत्तर आफ्रिकी’ हा स्वतंत्र गट जाहीर केला आणि हिस्पॅनिक मुळाचा प्रश्नही वंशाच्याच प्रश्नात मिसळला. २०३०ची जनगणना या नियमाने झाली, तर हॅमट्रॅमिकमधल्या ‘गोऱ्यां’चा आकडा एका दिवसात कितीतरी खाली येईल. त्यासाठी गावातून एकाही कुटुंबाला हलावे लागणार नाही.