काही होत नाही

सकाळी कामाला निघणारा आपला माणूस चाकणच्या कारखान्यात पाऊल टाकण्याआधी हेल्मेट घालतो, सेफ्टी शूजच्या नाड्या आवळतो. क्रेनवर किती भार लिहिला आहे, यावर तिथे कोणी हुज्जत घालत नाही. रविवारी तोच माणूस बायकोमुलांना घेऊन धरणावर जातो आणि दहा जणांच्या होडीत चौदावा म्हणून आपणहून चढतो. मीही चढलो आहे. लाइफ जॅकेटे फळीखाली दोरीने एकत्र बांधून ठेवली होती. वरच्या जॅकेटचा पट्टा शाबूत होता, बक्कल तुटले होते. माझ्या मुलीने ते ओढून काढले, तशी नावाडी म्हणाला, "काही होत नाही, बसा." मी तिच्या हातातून ते घेतले आणि पुन्हा फळीखाली सारले. त्या दिवशी काही झाले नाही, म्हणून आपण अपराध केला हे मला कित्येक दिवस उमगलेही नाही.

"काही होत नाही" हे नावाड्याचे एकट्याचे बोल नव्हेत. ते आपल्या घराघरांतून वारशाने आले आहेत. आपण नदीला आई म्हटले, तिची ओटी भरली, आणि तिच्या पोटात गेलेल्यांविषयी "त्यांची वेळ भरली होती" म्हणून हात जोडले. माणसांची चूक अशी नशिबाच्या खाती टाकली की कोणालाच जाब द्यावा लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक जीव घेऊन बुडाली. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी होडी वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण गेले. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. धडकेचा दोष प्रवाशांचा नव्हता. पण ८४ प्रवाशांचा परवाना असलेल्या त्या बोटीत शंभरावर माणसे होती, आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पंधरा जीव गेले. दुसऱ्या दिवशी जॅकेटची सक्ती जाहीर झाली. प्रेते मोजल्याशिवाय आपल्याला शहाणपण का सुचत नाही?

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत रस्त्यावर बससारखी आणि पाण्यात होडीसारखी चालणारी पर्यटक वाहने आहेत. १९९९ मध्ये अर्कान्सात असे एक वाहन बुडाले आणि त्याच्या छताखाली अडकून माणसे मेली. तेरा जण गेले. अशी छते काढा, असे तपास करणाऱ्यांनी बजावले. ते मानले गेले नाही. २०१८ मध्ये मिसूरीतील ब्रॅन्सनला तसेच छत असलेले वाहन बुडाले. ३१ पैकी १७ जण मेले. जॅकेटे वाहनातच होती, ती घालायला कोणी वेळेवर सांगितले नाही.

कारखान्यात आपण आठवडाभर पाळतो ती शिस्त मुळात अंगात नव्हती. ती आपण शिकलो. मग धक्क्यावरही शिकता येईल. जॅकेट मागणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नका. होडी किती माणसांची आहे ते विचारा, आणि पुढच्या रविवारी नावाडी "काही होत नाही" म्हणाला, तर मुलांचा हात धरून खाली उतरा.