आधी उत्तर, मग मस्करी

चार वर्षांपूर्वी, कंपनीच्या कृपेने घरून काम करायला रत्नागिरीत परतलो तेव्हा, मी पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो. मिरकरवाड्याच्या बंदरावर काढलेला एक फोटो टाकला आणि खाली ऐटीत लिहिलं, ‘समुद्री गरुड’. दोन मिनिटांत स्वागत झालं. ‘या इंजिनिअरसाहेब! ब्राह्मणी घारीला प्रमोशन दिल्याबद्दल घारीतर्फे आभार.’ पाठोपाठ दुसरा, ‘उद्या कावळ्याला मोर म्हणा, आमची हरकत नाही.’ मी हसलो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षं काढलेल्या माणसाला एवढ्याने काय होतंय? शिवाय त्यातल्याच एका काकांनी लगेच समजावलं होतं : तपकिरी अंग आणि पांढरं डोकं म्हणजे ब्राह्मणी घार, समुद्री गरुड केवढा तरी मोठा, पोटाशी पांढराशुभ्र आणि पंखांवर राखाडी. तो फरक मी आजवर विसरलेलो नाही.

म्हणजे मस्करी चालली. म्हणून मीही करायला लागलो. हा लेख त्या ‘मीही’बद्दल आहे.

वर्षभराने ग्रुपमध्ये लांज्याकडचा एक मुलगा आला. त्याने एक फोटो टाकला. लांबून काढलेला, झूम करून करून फाटलेला. खाली फक्त, ‘ह्यो कंचा पक्षी?’ मी तत्परतेने लिहिलं, ‘ही धूसर-धुरकट जात. फक्त स्वस्त मोबाइलमध्ये आढळते.’ हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या मुलानेही एक हसरा चेहरा टाकला. मी वर ‘ह. घ्या.’ चिकटवून मोकळा झालो. तो काय पक्षी होता, हे कुणीच सांगितलं नाही. महिन्याभरात तो मुलगा ग्रुपमधून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षी एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. त्या मुलाच्या वाडीमागे एक जुना बेहडा होता आणि त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेशाची जोडी घरटं करायची. धनेशाची मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर तिला बाहेरून फळं भरवत राहतो. आम्ही चाळीस जण दर रविवारी पेट्रोल जाळून जे शोधत होतो, ते त्या मुलाला अंगणातून दिसत होतं. तो आम्हाला तेच विचारत होता. बेहडा तोपर्यंत विकला गेला होता, तोडून झाला होता.

माझ्या विनोदामुळे झाड तुटलं, असं मी म्हणत नाही. खासगी जागेतलं झाड होतं, मालकाला पैशांची गरज असेल. पण मालकाशी बोलून बघायला कुणीतरी गेलं असतं. ती एक शक्यता मी एका ओळीत संपवली, आणि बदल्यात मला पंधरा-वीस इमोजी मिळाले.

हे ग्रुपवर सांगितलं तेव्हा जी उत्तरं आली ती तुम्हालाही पाठ असतील. ‘आमचा कोकणी स्वभावच असा.’ ‘कातडी जाड हवी.’ ‘मस्करीही नाही केली तर ग्रुप मरेल.’

आधी स्वभावाचं बघू. रत्नागिरीच्या माणसाला तिरकस बोलायचा परवाना पु. लं.नी दिला, अशी आपली समजूत आहे. कुणालाही टोचून बोलायचं आणि वर अंतू बर्व्याचं नाव सांगायचं! पण ‘व्यक्ती आणि वल्ली’ नीट वाचलेल्याला माहीत असतं की अंतूशेठच्या जिभेची धार सर्वांत जास्त त्यांच्या स्वतःच्या नशिबावर चालते. त्या खवचटपणामागे एकटेपणा आहे आणि गरिबी आहे, आणि लेखकाला ती ऐकू येते म्हणून ते व्यक्तिचित्र आहे. शिवाय मधल्या आळीत ज्याला टोमणा मारला तो उद्या पुन्हा समोर येणार असतो. त्याचा चेहरा दिसतो. तो उलट टोमणा मारतो, आणि त्याला तेवढा हक्क असतो. लांज्याच्या त्या मुलाला माझी उलट खेचायचा कुठला हक्क होता? तो एकटा, आम्ही चाळीस. त्याची भाषा, त्याचा मोबाइल, दोन्ही उघड्यावर. मी सुखरूप.

आता कातडीचं. मराठी माणसं इंटरनेटवर जमून गप्पा मारू लागली त्याला बराच काळ झाला, ‘मायबोली’ १९९६ची. एवढ्या वर्षांत आपण ‘ह. घ्या.’ म्हणजे हलके घ्या हा शब्द घडवला, इंग्रजी ‘लाइट’चा दिवा करून ‘दिवा घ्या’ म्हणायला लागलो. शब्द गोड आहेत, मला आवडतात. पण नीट बघा, दोन्हींत आज्ञा समोरच्याला आहे. मी काहीही बोलणार. हलकं घ्यायचं काम तुझं. कॉलेजात याच व्यवस्थेला रॅगिंग म्हणतात, आणि तिथेही ‘ओळख व्हावी म्हणून गंमत’ हेच कारण दिलं जायचं. महाराष्ट्राने १९९९ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला.

माझ्या धंद्यातही हे सगळं होऊन गेलंय. नवशिक्याने प्रश्न विचारला की ‘आधी मॅन्युअल वाच’ म्हणून हाकलायचं, यात प्रोग्रॅमरांना पुरुषार्थ वाटत आला. २०१८च्या एप्रिलमध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ने जाहीर कबूल केलं की आपल्याकडे नव्या माणसाचं नीट स्वागत होत नाही. त्याच सप्टेंबरात लिनस टोरवाल्ड्सने आपल्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ लिनक्सच्या कामातून रजा घेतली. लिनक्स मेलं नाही. चांगलं चाललंय.

आणि ग्रुप मरण्याचं म्हणाल तर आपल्याच जिल्ह्यात बघा. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ची माणसं समुद्री गरुडांच्या पाहणीसाठी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचली, आणि किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ती अंडी काढणारे गावातलेच होते. त्यांना हसून, हिणवून ही मंडळी परतली असती, तर आज वेळासला पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक जमले नसते. घरटी कुठे असतात हे ज्याला माहीत, तोच राखणदार झाला.

दुसरं उदाहरण कातळशिल्पांचं. रत्नागिरीतल्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं सडे तुडवून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारत विचारत ही चित्रं उजेडात आणली. कशेळीचा हत्ती १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ‘सड्यावर कायतरी कोरलेला हाय’ असं सांगणाऱ्या माणसाच्या उच्चारावर कुणी कोटी केली असती, तर त्याने गुरं वळवली असती आणि विषय संपला असता.

हौसेच्या कुठल्याही कळपात नवा माणूस दोन गोष्टी घेऊन येतो : त्याचं अज्ञान आणि त्याचा पत्ता. अज्ञान आपल्याला लगेच दिसतं, कारण त्यावर हसता येतं. पत्ता, म्हणजे तो कुठे उभा आहे आणि तिथून त्याला काय दिसतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मस्करी बंद करा, असं मी म्हणत नाही. रत्नागिरीत राहून तसं म्हणणं म्हणजे पावसाला रजा देण्यासारखं आहे. मला म्हणायचंय ते एवढंच : क्रम बदला. त्या काकांनी माझ्या घारीच्या वेळी केलं ते करा. आधी उत्तर, मग मस्करी. आणि पहिले काही दिवस मस्करी स्वतःचीच करा, मालाला तोटा नसतो. नवा माणूस स्वतःहून तुमची खेचेल, त्या दिवशी तो ग्रुपमध्ये आला असं समजा. जॉइन झाल्याचा मेसेज येतो त्या दिवशी नव्हे.

त्या मुलाचा नंबर मी मिळवला. फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, ‘नाय ओ दादा, मस्करीच होती ती.’ मग थोडं थांबून म्हणाला, ‘पन तो पक्षी कंचा होता?’

मी सांगितलं. दोन वर्षं उशिरा.