डोळे नाहीत, रंग नाही. मग गुहेतल्या डिप्लुराची ओळख पटवतात कशी?

अंधाऱ्या गुहेतला एक पांढुरका जीव. सहा पाय, डोळ्यांचा पत्ता नाही आणि मागे दोन लांब शेपट्या. असा फोटो सोशल मीडियावर आला की खालच्या कमेंट्स ठरलेल्या असतात. कोणी त्याला एलियन म्हणतं, कोणी वाळवी, तर कोणी थेट 'नवी जात सापडली' असं जाहीर करून टाकतं.

हा जीव डिप्लुरा असू शकतो. पण नेमका कोणता डिप्लुरा, हे फक्त फोटो बघून तज्ज्ञही सांगू शकत नाहीत. त्यासाठी मायक्रोस्कोपखाली त्याच्या अंगावरचे केस बघावे लागतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण नाव ठरलं की त्या जीवाचा हजारो वर्षांचा प्रवास उलगडू शकतो. आणि नाव ठरलं नाही, तर तो नष्ट झाल्याचं कोणाला कळणारही नाही.

डिप्लुरा म्हणजे नेमकं काय?

डिप्लुरा या ग्रीक शब्दांवरून आलेल्या नावाचा अर्थ 'दोन शेपट्यांचे'. हे जीव ओलसर मातीत, दगडांखाली, कुजलेल्या पाल्यात आणि गुहांमध्ये राहतात. बहुतेकांची लांबी काही मिलिमीटरच असते. जगभरात त्यांच्या सुमारे एक हजार जाती नोंदवल्या गेल्या आहेत.

सहा पाय असले तरी अनेक शास्त्रज्ञ त्यांना कीटकांमध्ये धरत नाहीत. कीटकांच्या तोंडाचे अवयव बाहेर दिसतात, तर डिप्लुरांचे जबडे डोक्याच्या आत एका खोबणीत लपलेले असतात.

त्यांची दोन मोठी कुलं आहेत. कँपोडिडे कुलातल्या डिप्लुरांना मागे मण्यांच्या माळेसारख्या दोन लांब शेपट्या असतात. जॅपिजिडे कुलात त्याच जागी चिमटा असतो. स्पेनमधल्या गुहांत सापडलेल्या अशाच एका चिमटेवाल्या डिप्लुराला २००६ मध्ये 'गॉलमजॅपिक्स स्मिगॉल' हे नाव मिळालं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला अंधारात राहणारा गॉलम आठवतोय ना? तोच.

मग अडचण कुठे येते?

गुहेत राहणारा प्राणी ओळखायची एक सोपी खूण सांगितली जाते: डोळे गेलेले आणि रंग उडालेला. मासे, खेकडे, कोळी यांच्या बाबतीत ही खूण बरीच उपयोगी पडते.

डिप्लुरांच्या बाबतीत मात्र ती कुचकामी ठरते. कारण डोळे कोणत्याच डिप्लुराला नसतात. अंगणातल्या कुंडीखाली सापडणाराही आंधळा आणि फिकट, गुहेच्या पोटात सापडणाराही तसाच. म्हणजे गुहेत दिसला म्हणून तो गुहेचाच रहिवासी, असं म्हणता येत नाही. तो मातीतून वाट चुकून आलेला पाहुणाही असू शकतो.

म्हणून शास्त्रज्ञ शरीराची ठेवण बघतात. गुहेत अन्न कमी आणि अंधार पूर्ण. त्यामुळे चाचपडत, वास घेत अन्न शोधावं लागतं. पिढ्यानपिढ्या गुहेत राहिलेल्या डिप्लुरांचे पाय, मिशा आणि शेपट्या लांब होत जातात. मिशांच्या शेवटच्या मण्यात वास टिपणारा एक छोटा अवयव असतो, त्यातले संवेदक अनेकदा वाढलेले दिसतात.

पण इथे दुसरी गोम आहे. गुहा सगळ्यांना एकाच साच्यात घालते. दोन वेगळ्या घराण्यांतले डिप्लुरा दोन वेगळ्या देशांतल्या गुहांत गेले, तरी दोघांचेही पाय लांब होऊ शकतात. वरून ते सख्खे भाऊ वाटतात, पण नातं दूरचं असतं. त्यामुळे लांब पाय बघून 'हा गुहेत राहतो' इतकं सांगता येतं. 'हा कोणाच्या घराण्यातला' हे सांगता येत नाही.

घराणं सांगतात ते केस

डिप्लुराच्या पाठीवर काही ठरावीक जागी जाड केस असतात. कोणत्या खंडावर किती, मध्यभागी की कडेला, पुढे की मागे, याचा अक्षरशः नकाशा काढला जातो. त्याला जोड म्हणून पायांच्या नख्यांचा आकार आणि पोटाखालच्या छोट्या अवयवांची रचना बघतात. पाय लांब झाले तरी केसांची ही मांडणी त्या मानाने कमी बदलते, म्हणून तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात.

हे काम वेळखाऊ असतं. नमुना अल्कोहोलमध्ये ठेवायचा, काचेच्या पट्टीवर बसवायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेक केस मोजायचा. त्यात मिशा आणि शेपट्या पकडतानाच तुटतात. कधी तुटलेली मिशी पुन्हा वाढलेली असते आणि तिच्यात मणी कमी भरतात. डिप्लुरा प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतात, त्यामुळे वयानुसारही फरक दिसतो. एकाच नमुन्यावर 'नवी जात' जाहीर करणं म्हणूनच धोक्याचं असतं.

डीएनए टेस्ट करून प्रश्न सुटत नाही का?

काही प्रमाणात सुटतो. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती वेगळ्या आहेत, हे डीएनए दाखवू शकतो.

पण जुळवून बघायला आधीची नोंद लागते. अनेक जातींची वर्णनं जुनी आहेत आणि ती केसांच्या रेखाचित्रांवर बेतलेली आहेत. संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांतून चांगला डीएनए मिळेलच असं नाही. त्यामुळे डीएनए आणि मायक्रोस्कोप, दोन्ही लागतात.

कॅनडातल्या एका डिप्लुराची गोष्ट

नावातून काय हाती लागतं, याचं चांगलं उदाहरण कॅनडात आहे. व्हँकुव्हर बेटावर, पोर्ट अल्बर्नी गावाजवळच्या दोन गुहांत क्रेग वॅग्नेल आणि त्यांच्या गुहा शोधणाऱ्या सहकाऱ्यांना डिप्लुरा सापडले. स्पेनचे डिप्लुरा तज्ज्ञ अल्बर्टो सेंद्रा यांनी ते तपासले. २०१९ मध्ये ही नवी जात जाहीर झाली: 'हॅप्लोकँपा वॅग्नेली'. यातलं हॅप्लोकँपा हे आडनावासारखं, म्हणजे प्रजाती. वॅग्नेली ही जात, शोधणाऱ्याच्या नावावरून ठेवलेली.

खरी गंमत नातेवाइकांमध्ये आहे. शरीराच्या बारीक खुणा जुळवल्यावर हॅप्लोकँपाचं जवळचं नातं पॅसिफिकँपा या प्रजातीशी निघालं. ती राहते जपान आणि कोरियात, महासागराच्या पलीकडे. पंख नसलेला, कोरड्या हवेत तग न धरणारा जीव समुद्र कसा ओलांडेल? शास्त्रज्ञांच्या मते उत्तर बेरिंग भूसेतूत आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी खाली गेली की आशिया आणि अमेरिका जमिनीने जोडले जायचे. डिप्लुरांचे पूर्वज त्याच वाटेने गेले असावेत.

शिवाय शेवटच्या हिमयुगात या भागावर बर्फाची जाड चादर होती. म्हणजे हे जीव एकतर जमिनीखाली टिकून राहिले, किंवा बर्फ हटल्यावर परत आले. वॅग्नेलीचे पाय आणि मिशा थोड्याच लांबलेल्या आहेत. त्यामुळे तिचे पूर्वज मातीतूनही प्रवास करू शकत असतील, ही शक्यता उरते. चार-दोन मिलिमीटरच्या जिवावरून एवढा इतिहास वाचता आला, तो केसांच्या नकाशामुळे.

आपल्याला याचं काय?

महाराष्ट्रात गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतं, पण ती माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरलेली लेणी. डिप्लुरांच्या बहुतेक प्रसिद्ध गुहा चुनखडीतल्या, पाण्याने हजारो वर्षांत पोखरलेल्या. भारतात अशा लांबच लांब गुहा मेघालयात आहेत. आणि चुनखडी हाच सिमेंटचा कच्चा माल आहे.

खाणीला परवानगी देताना 'इथे कोणते जीव आहेत' हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा उत्तरात नावं लागतात. 'काही पांढरे किडे' एवढ्यावर गुहा वाचत नाही. गुहेतली एखादी जात जगात केवळ एका-दोन गुहांपुरतीच असू शकते. ती गुहा गेली, तर जातही गेली.

डिप्लुरांचे केस वाचू शकणारे तज्ज्ञ जगभरात मोजकेच आहेत. पण व्हँकुव्हरमध्ये पहिलं पाऊल गुहेत उतरणाऱ्या हौशी लोकांनी टाकलं होतं. तेव्हा पुढच्या वेळी असा फोटो समोर आला, तर 'एलियन' लिहिण्याआधी तो कुठल्या गुहेतला आहे, हे विचारा. नमुना कोणा अभ्यासकापर्यंत पोहोचला का, हेही विचारा. ओळख पटायला सुरुवात तिथूनच होते.