मावशींचे पैसे किती कापायचे?

जूनमध्ये आमचे चिरंजीव पहिलीत गेले, शाळा दिवसभराची झाली. मी लगेच हिशेब मांडला: सांभाळणाऱ्या मावशींकडे आता दोनच तास, म्हणजे पैसेही तेवढेच! सासूबाई म्हणाल्या, "आणि दिवाळीच्या सुट्टीत? ताप आला तर?" खरंच, चार ते सहा आमच्याकडे अडकल्यावर मावशींना दुसरीकडे पूर्ण दिवसाचं काम धरता येत नाही. मला उशीर झाला की सूर्यास्ताआधी त्याला जेवू घालतात त्याच. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापं येतात. घेताना दिवसभराचा भरवसा आणि देताना घड्याळातले तास, हे दुसरं काय? मी निम्मे ठरवले, सुट्टीत पूर्वीइतकेच. तेही दिवाळीनंतर, तोवर मावशींना सकाळचं एखादं घर मिळेल.