दोन श्रेयांकांची कला

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम-आराखडा लागू झाला. वाणिज्य वा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यालाही आता चित्रकला, मातीकाम, हस्तव्यवसाय, इतकेच नव्हे तर कलादालनाचे व्यवस्थापन अशा प्राथमिक अभ्यासक्रमांतून काही श्रेयांक मिळवता येतात. अर्थात महाविद्यालयाने तशी सोय केली असेल तर. कला ही मोजक्या कलामहाविद्यालयांच्या भिंतींआड राहू नये, हा यामागील विचार स्वागतार्हच आहे. प्रश्न विचाराचा नाही. वर्गात प्रत्यक्ष काय घडते, हा आहे.

दोन श्रेयांकांचा विषय व्याख्यानांनी शिकवायचा तर ३० तास लागतात, प्रात्यक्षिकांनी शिकवायचा तर ६० तास. व्याख्यानाला एक खोली, एक फळा आणि एक अध्यापक पुरतो. समोर साठ विद्यार्थी असले तरी बिघडत नाही. प्रात्यक्षिकाला मात्र पाण्याचा नळ लागतो, ईझल लागतात, माती आणि भट्टी लागते, आणि विद्यार्थ्यांच्या लहान तुकड्या कराव्या लागतात. दोन्हींचे श्रेयांक सारखेच असल्यामुळे अनुदानाच्या चणचणीत असलेली संस्था स्वस्त मार्ग पत्करते, यात नवल नाही. मग हाताने करायची गोष्ट वहीत उतरवून घेण्याची होते.

याबाबत प्रस्तुत लेखकाला स्वतःलाच एक कबुली दिली पाहिजे. नव्या आराखड्यात अर्थशास्त्राच्या तासिका घटल्या आणि कार्यभार भरून काढण्यासाठी कलादालन-व्यवस्थापनाचा प्राथमिक अभ्यासक्रम माझ्याकडे आला. प्रदर्शने मी पाहिली होती. पण चित्र कसे टांगतात, विमा कसा उतरवतात, विक्रीची नोंद कशी ठेवतात, यांपैकी काहीही मी केलेले नव्हते. मी टिपणे सांगितली, मुलांनी ती लिहून घेतली आणि सर्वजण उत्तीर्ण झाले. एकाही विद्यार्थ्याने त्या सत्रात कलादालनाचा उंबरा ओलांडला नाही.

मग असे अभ्यासक्रम बंदच करावेत काय? माझे मत नेमके उलट आहे. आपल्याकडील कलाशिक्षणाचा सारा भर आजवर पुरवठ्यावर राहिला. १८५७ साली मुंबईत सर ज. जी. कलाशाळा निघाली, १९६५ साली राज्याचे कला संचालनालय झाले, एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षांनी गावोगावच्या शाळांत चित्रकलेचे वर्ग टिकवून धरले. चित्रकार घडवण्याची व्यवस्था अशी उभी राहिली. पण चित्र पाहणारा, विकत घेणारा, जतन करणारा आणि त्याचा व्यवहार सचोटीने पाहणारा माणूस घडवण्याची व्यवस्था फारशी झालीच नाही. बडोद्याच्या विद्यापीठाने १९५० च्या सुमारास ललित कला व वस्तुसंग्रहालयशास्त्र यांचे अध्यापन सुरू केले, हा सन्माननीय अपवाद. मुंबईत केकू गांधींनी चित्रांच्या चौकटींच्या धंद्यातून या क्षेत्रात पाऊल टाकले आणि १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या इमारतीत स्वतःची गॅलरी काढली. एका पिढीचे ज्ञान असे दुकानातच जन्मले; ते महाविद्यालयापर्यंत पोहोचले नाही.

या अज्ञानाची किंमत कोण मोजतो, हे पाहण्यासारखे आहे. ज. जी. मध्ये शिकलेले वासुदेव गायतोंडे २००१ साली निवर्तले. त्यांच्या एका चित्राला २०२५ साली लिलावात ६७ कोटींहून अधिक रक्कम मिळाली. पुनर्विक्रीतील असा नफा चित्र बाळगणाऱ्याच्या पदरी पडतो. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. दहा हजार रुपयांहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीत चित्रकाराला वा त्याच्या वारसांना, कमाल दहा टक्क्यांपर्यंत, वाटा मागण्याचा हक्क ते देते. पण हा हक्क किती तरुण चित्रकारांच्या कानी गेला आहे? ज्याला हक्कच ठाऊक नाही, तो मागणार तरी काय?

हस्तव्यवसायांची कथाही निराळी नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण आहे. जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तरीही कपांवर आणि पडद्यांवर छापलेल्या वारली आकृत्यांचा पैसा पाड्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. वर्गात गोल, त्रिकोण व चौकोन गिरवून घेणारा अभ्यासक्रम हा प्रश्न विचारणार नसेल, तर तोही त्याच नकलेत सामील होतो.

तेव्हा तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, हे अभ्यासक्रम प्रात्यक्षिकाचेच असावेत; जेथे कार्यशाळा नाही तेथे त्यांना मान्यता नसावी. दुसरी, कारागिराला वर्गात आणावे व त्याला अध्यापकाच्या बरोबरीने मानधन द्यावे. कलाकार व कारागीर यांना महाविद्यालयांत नेमण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली मार्गदर्शक तत्त्वे मांडली आहेत. पदवीच्या कागदाची सबब आता पुढे करता येणार नाही. तिसरी, जवळचे संग्रहालय हीच प्रयोगशाळा मानावी. सातारा जिल्ह्यात औंधला पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रे आहेत, हेन्री मूरचे शिल्पही आहे. नोंदवही, प्रकाशयोजना, दमटपणापासून बचाव, प्रेक्षकाला द्यायची माहिती, हे सारे तेथे दोन दिवसांत जितके कळेल तितके माझ्या तीस तासांत कळले नाही.

याला खर्च येईल, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला कोणी सांगण्याची गरज नाही. परंतु ज्या खर्चातून काहीच निष्पन्न होत नाही तो अल्प असला तरी उधळपट्टीच होय. आणि आज आपण नेमकी तीच करीत आहोत. दर सत्राला साठ मुले कलेची टिपणे पाठ करून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी दहा जणांनी जरी एखाद्या अनोळखी चित्रकाराचे चित्र रास्त किमतीला विकत घेतले, अथवा एखाद्या कारागिराचा हिशेब चोख लिहून दिला, तर ते दोन श्रेयांक सत्कारणी लागले असे म्हणता येईल. तूर्त ते केवळ गुणपत्रिकेवर लागले आहेत.