पवनचक्की सगळ्यांना दिसते, डोक्यावरची तार कुणाला दिसत नाही

बीड-धाराशिवच्या पठारावरून रात्री गाडीवर येताना लाल दिव्यांची रांग दिसते. पवनचक्क्या. चांगलीच गोष्ट आहे. पण ती वीज ग्रीडपर्यंत जाते टॉवरवरून, आणि टॉवर कुणाच्या तरी रानातच उभा राहतो.

आमच्या नानांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या रानात एक उभा राहिला. पवनचक्की शेजारच्या शिवारात, तिचे पैसे त्या मालकाला. नानांच्या वाट्याला टॉवर आणि तारा. सोयाबीन उभं असताना मशीन आलं. नानांनी एका कागदावर सही केली, त्याची प्रत अजून मिळालेली नाही. आणि त्याच आठवड्यात मी काय छापलं? ‘शेतकऱ्यांच्या सहकार्याने काम वेगात.’ कंपनीची प्रेसनोट, जशीच्या तशी. आज कबूल करतो.

नंतर कायदा वाचला. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली मंजुरी मिळाली की कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार मिळतात. मग आपली संमती नसली तरी लाइन नेता येते. जमीन आपल्याच नावावर राहते. पण भरपाई द्यावीच लागते, आणि रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते. हे गावात कुणी सांगितलं का?

केंद्राने २०१५ मध्ये सुचवलं होतं: टॉवरखालच्या जागेला किमतीच्या ८५ टक्के, तारांखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केलं. राज्यातल्या लाइनला राज्याचा जीआर लागतो, म्हणून आपल्या लाइनला कोणता दर, हे लेखी विचारा. २२० केव्हीच्या लाइनचा पट्टा ३५ मीटर रुंद धरतात. शंभर मीटर रान ओलांडलं की जवळपास ३५ गुंठे त्याखाली गेले! पीक घेता येतं, पण घर बांधता येत नाही, उंच झाड ठेवता येत नाही. विकायला काढलं तर गिऱ्हाईक आधी वर बघतं.

माझा लाइनला विरोध नाही. लाइनच नसेल तर पवनचक्क्यांचा उपयोग काय? काही जण काम अडवून स्वतःचं भागवून घेतात, हेही खरं. पण दर झाकलेला असतो म्हणूनच दलालांचं फावतं.

म्हणून मागणी साधी आहे. खड्डा खणायच्या आधी गट नंबरसह नकाशा आणि दर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याच्या हातात द्या. तार ओढायच्या आधी पैसे खात्यावर जमा करा. पोलीस बंदोबस्त मागवायची वेळच येणार नाही.

सोमवारी नानांना घेऊन तहसीलला चाललोय, त्या कागदाची प्रत मागायला. ज्यांच्या रानावरून तार गेलीय त्यांनी सातबारा घेऊन सोबत या. या वेळची बातमी मी प्रेसनोटवरून लिहिणार नाही.