नुसत्या पायाचा डॉक्टर असतो का?



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. राणीसावरगावला आमच्या शाळेच्या मैदानावर खो-खोचा सराव चालला होता. पाचवीतली एक चपळ पोर खांबाजवळ झपकन वळली आणि मटकन खाली बसली. "बाई, पाय लई दुखायलाय!"

मी पाहिलं. रक्त नाही, जखम नाही. म्हटलं, "काही नाही गं, लचकलाय. झटक अन् चाल." बिचारी लंगडत घरी गेली. घरच्यांनी एका जाणत्या माणसाकडून पाय ओढून घेतला, गरम तेलाने चोळला. चौथ्या दिवशी घोटा टम्म सुजून काळानिळा! मग गंगाखेडला नेऊन एक्स-रे काढला. नडगीच्या हाडाचं खालचं टोक मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. स्पर्धा हुकली ती हुकलीच.

चूक कोणाची? पहिली चूक माझी. 'झटक अन् चाल' असं मीच म्हणाले होते ना!

आता ती पुन्हा पळते. परवा तिने मला विचारलं, "बाई, नुसत्या पायाचा डॉक्टर असतो का?" आजचं सदर तिच्या या प्रश्नासाठी.

असतो बरं का! इंग्रजीत त्याला पोडियाट्रिस्ट म्हणतात. ग्रीक भाषेत 'पोड' म्हणजे पाय आणि 'इयाट्रोस' म्हणजे वैद्य. अमेरिकेत या विद्येची वेगळी कॉलेजं आहेत. तिथे पदवीनंतर चार वर्षं हेच शिकायचं आणि मग तीन वर्षं रुग्णालयात काम करायचं. आपल्याकडे मात्र पाय आणि घोट्याच्या दुखापती बहुतेक हाडांचे डॉक्टर बघतात. त्यांच्यातलेच काही जण पुढे फक्त पाऊल आणि घोटा एवढ्याचाच खास अभ्यास करतात.

एवढ्याशा पावलाला वेगळा डॉक्टर कशाला, असं वाटलं ना? मग मोजा. एका पावलात २६ हाडं. दोन्ही पावलांची मिळून ५२. मोठ्या माणसाच्या शरीरात एकूण २०६ हाडं असतात. म्हणजे जवळजवळ पाव भाग हाडं नुसत्या पावलांत! हाडाला हाड चिवट पट्ट्यांनी बांधलेलं असतं. त्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आत वळून घोटा मुरगळला की बाहेरच्या बाजूचे पट्टे ताणतात, कधी फाटतात.

हे मोठमोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना होता. हार्दिक पांड्या आपल्याच गोलंदाजीवर चेंडू पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा मुरगळला. षटकातले उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पांड्या त्या विश्वचषकात पुन्हा खेळू शकला नाही. त्याला कोणी 'झटक अन् चाल' म्हटलं नाही, हे ध्यानात घ्या.

मुलांच्या बाबतीत तर जास्त जपायला हवं. तुमची हाडं अजून वाढताहेत. हाडाच्या टोकाजवळ वाढीचा एक मऊ थर असतो. पुष्कळदा लिगामेंटपेक्षा हा थरच कच्चा असतो. म्हणून जिथे मोठ्यांचा पाय नुसता लचकतो, तिथे तुमचं हाड वाढीच्या थराशी मोडू शकतं. तसा पाय ओढला, चोळला, तर मोडलेला भाग आणखी सरकतो. पुढे पाय वाकडा किंवा आखूडही वाढू शकतो.

पालकांनो, एवढं पाठच करा. पाय मुरगळला की खेळ बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा. क्रेप बँडेज बांधा, फार आवळू नका. पाय उशीवर उंच ठेवा. तेल, शेक, ओढाओढ काही नको. मग दोन गोष्टी बघा. मुलाला चार पावलं टाकता येतात का? घोट्याच्या हाडावर बोट दाबलं तर कळ येते का? कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जे नियम मांडले, त्यांचं मूळ यातच आहे. चार पावलं टाकता येत नसतील किंवा हाडावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. पाऊल वाकडं दिसलं किंवा बधिर झालं, तर क्षणभरही थांबू नका.

आता, असं डॉक्टर व्हायचं कसं? दहावीनंतर विज्ञान शाखा, त्यात जीवशास्त्र हवंच. बारावीनंतर 'नीट' परीक्षा. मग एमबीबीएस: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी. त्यानंतर तीन वर्षं एमएस, म्हणजे हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण. शेवटी पाऊल-घोट्याचा खास अभ्यास. वाट लांब आहे, पण पंढरीची वारीही एका दिवसात होत नाही! शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून जाते, तेव्हा वारकऱ्यांचे पाय बघा. महिनाभराची वाट ती पावलंच तोलतात.

आणि डॉक्टर हा काही एकच दरवाजा नाही. दुखऱ्या पायाला पुन्हा चालायला शिकवतो तो फिजिओथेरपिस्ट. त्याचाही पदवी अभ्यासक्रम असतो. हाताने वस्तू घडवायची आवड असेल, तर कृत्रिम पाय, पायाचे आधार, खास बूट बनवायची विद्या शिकता येते. मुंबईला हाजी अली इथे १९५५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था आहे, तिथे ती पदवी मिळते. आहे की नाही गंमत? बूट बनवणं हाही उपचारच!

जाता जाता एक गृहपाठ. आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर रोज संध्याकाळी त्यांचे तळवे नीट बघा. या आजारात तळव्यांची संवेदना कमी होऊ शकते. मग काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. आजोबांना वाकून दिसत नाही, पण तुमचे डोळे तर चांगले आहेत ना? चीर, फोड, लाली दिसली की लगेच घरात सांगा.

पुढच्या अंकात भेटू.

तुमच्या,
बाई